मोबाइल खेळाचे नियोजन : मणिकर्णिका घाटाच्या निमित्ताने

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

नियोजन हा शब्द उच्चारला की धरणे, महामार्ग, पोलाद कारखाने डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु प्रकल्प नियोजनाची जवळजवळ सर्व अंगे एका लहानशा वस्तूतही एकवटलेली आढळतात. ती वस्तू म्हणजे हातातल्या फोनवरचा खेळ. येथे खर्च आधी होतो व उत्पन्न पुष्कळ नंतर येते, तेही येईलच याची खात्री नसते. पहिली प्रत तयार होण्यास लाखो रुपये लागतात आणि दुसरी प्रत जवळजवळ फुकट निघते. पुरवठादारावरील अवलंबित्व, कायद्यातील बदल, विलंबाची किंमत, देखभालीची उपेक्षा हे सारे येथे अल्प काळात अभ्यासता येते. या विवेचनासाठी एक काल्पनिक खेळ उदाहरण म्हणून घेतला आहे. त्याचे स्थळ काशीचा मणिकर्णिका घाट.

स्थळाची ही निवड ऐकून कोणीही चमकेल. ज्या घाटावर चिता रात्रंदिवस जळत असतात, जेथे देशभरातून माणसे आपल्या आप्तांचा अखेरचा निरोप घेण्यास येतात, तेथे खेळ कसला? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर न देता पुढे सरकणारा आराखडा आराखडा या नावास पात्र ठरत नाही. किंबहुना हे स्थळ निवडण्याचे कारणच ते आहे. सोपा विषय घेतला म्हणजे नियोजनातील खरे निर्णय दिसत नाहीत.

विषयाची निवड आणि मर्यादा

मणिकर्णिकेशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पेशव्यांच्या आश्रयाने तेथे दगडी बांधकाम झाले. पुढे अहिल्याबाई होळकरांनी काशी विश्वेश्वराचे मंदिर १७८० च्या सुमारास पुन्हा उभारले आणि त्यानंतर मणिकर्णिकेचाही जीर्णोद्धार केला. लगतचा शिंदे घाट बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधविला. तो स्वतःच्या भारानेच नदीकाठच्या मातीत खचला. त्या परिसरातील रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आजही एका बाजूला कललेले उभे आहे. जवळच नागपूरकरांचा भोसले घाट आहे. झाशीच्या राणीचा जन्म काशीचा व तिचे माहेरचे नाव मणिकर्णिका तांबे, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यामुळे हा विषय एखाद्या उत्साही संघाकडे गेला तर तो पहिल्याच बैठकीत घोडा, तलवार आणि इंग्रज सैनिक यांचा खेळ ठरवून मोकळा होईल. तसले खेळ बाजारात भरपूर आहेत. आणखी एकाने कोणाचे काही अडणार नाही.

अधिक सकस विषय बांधकामाचा आहे. समजा, खेळणारा हा अठराव्या शतकाच्या अखेरीस घाटाच्या जीर्णोद्धारावर नेमलेला कारकून आहे. त्याला चुनारचा वालुकाश्म नदीमार्गे आणावयाचा आहे. चुनार हे वाराणसीच्या वरच्या अंगाला असल्याने दगडांनी भरलेल्या नावा प्रवाहासोबत खाली येतात, रिकाम्या नावा मात्र प्रवाहाविरुद्ध न्याव्या लागतात. कामाचे दिवस कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत. आषाढात पाणी चढू लागते आणि भाद्रपद सरेपर्यंत खालच्या पायऱ्या बुडालेल्या असतात. पाया उथळ ठेवला तर पायऱ्या खचतात. खोल घेतला तर त्या वर्षाचा निधी पायातच संपतो. आणि या सर्वांवर एक अट आहे, जी कधीही मोडता येत नाही: घाटावरील अंत्यसंस्कार एक दिवसही थांबता कामा नयेत. पुराच्या काळात अंत्यसंस्कार वरच्या चौथऱ्यांवर व गच्चीवर हलविले जातात, ही आजचीही वस्तुस्थिती आहे. म्हणजे घाट एकदम खोदता येणार नाही. तुकड्यातुकड्याने बांधावा लागेल आणि लोकांचा वावर चालू ठेवूनच बांधावा लागेल. चालू रेल्वेमार्गाशेजारी दुसरा मार्ग टाकणाऱ्या अभियंत्यापुढे हीच अडचण असते.

या एका अटीतून खेळाचा गाभा तयार होतो. खेळाच्या परिभाषेत त्याला आवर्तन म्हणता येईल: दगड मागवावा, मजूर लावावेत, पायऱ्यांचा एक टप्पा बांधावा, पूर येऊ द्यावा, काय टिकले ते पाहावे आणि पुन्हा आरंभ करावा. हे आवर्तन पाचव्या वेळीही कंटाळवाणे वाटले नाही तर पुढे जाण्यात अर्थ आहे. चित्रे, संगीत, कथानक या गोष्टी त्यानंतरच्या.

आक्षेपाचे उत्तरही याच टप्प्यावर कागदावर लिहून ठेवावे लागते. चिता दूरवर, धुराच्या रेषेपुरतीच दिसेल. तिला स्पर्श करून काही साधता येणार नाही. मृत्यूला गुण नाहीत, शोकाला बक्षीस नाही. डोम समाजाकडे या घाटावरील अग्नीचा परंपरागत अधिकार आहे व तेथील काम पाळीपाळीने वाटले जाते. जोनाथन पॅरी या मानवशास्त्रज्ञाच्या १९९४ सालच्या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन आहे. खेळातील या समाजाची पात्रे विनोदासाठी वा भयासाठी योजली जाणार नाहीत. तेथील लोकांशी बोलून, त्यांच्या वेळेचे मोल देऊनच ती लिहिली जातील आणि त्या मोबदल्याची रक्कम अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दाखविली जाईल. सौजन्य हे बहुधा प्रस्तावनेत लिहिले जाते. ते खर्चाच्या तक्त्यात उतरले नाही तर कामाच्या गर्दीत पहिल्यांदा तेच गळते.

येथे मोक्षपटाचा उल्लेख अप्रस्तुत होणार नाही. परंपरेने संत ज्ञानेश्वरांशी जोडला जाणारा हा सोंगट्यांचा खेळ शिड्यांनी चढत आणि सापांनी घसरत मोक्षापर्यंत नेतो. त्याच घराण्यातील खेळ पुढे इंग्लंडमध्ये गेला आणि मोक्ष वगळून मुलांच्या करमणुकीचा सापशिडी झाला. मृत्यू आणि मुक्ती या विषयांवर खेळ करणे ही आपल्याकडे अमर्यादा मानली जात नव्हती. ते कसे करावे याचे भान मात्र होते.

नमुना, आणि सोडून देण्याचा अधिकार

कल्पना ठरली की लगेच मोठा संघ उभा करण्याचा मोह होतो. तो टाळावा. प्रथम दोन माणसांनी तीन महिन्यांत एक ओबडधोबड नमुना करावा. त्यात घाट म्हणजे राखाडी चौकटी, नाव म्हणजे एक त्रिकोण, पूर म्हणजे वर चढणारी निळी पट्टी. दहा-पंधरा अनोळखी माणसांच्या हाती तो द्यावा, काही समजावून न सांगता, आणि ती कोठे अडखळतात ते पाहावे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा टप्पा म्हणजे विकत घेतलेला पर्याय आहे. मासिक सरासरी खर्च प्रतिमाणशी ६० हजार रुपये धरला, तर नमुन्याचा खर्च ३ लाख ६० हजार होतो. एवढी रक्कम मोजून प्रकल्प सोडून देण्याचा अधिकार मिळतो. नमुना फसला तर पुढचे लाखो रुपये वाचतात. झालेला खर्च परत येत नाही, म्हणून पुढील निर्णयात तो मोजू नये, हे बुडीत खर्चाचे तत्त्व पाठ्यपुस्तकात वाचताना सर्वांना पटते. स्वतः तीन महिने राबल्यावर ते पाळणे अवघड जाते. सार्वजनिक क्षेत्रातील अनेक अर्धवट प्रकल्प याच अवघडपणाची स्मारके आहेत.

नमुना उत्तीर्ण झाल्यावर साधनांची निवड येते. खेळ ज्या तयार प्रणालीवर बांधले जातात तिला व्यवसायात 'गेम इंजिन' म्हणतात. युनिटी आणि अनरिअल ही दोन इंजिने सर्वाधिक प्रचलित आहेत. गोडो हे मुक्त स्रोत असलेले तिसरे. ही निवड केवळ तांत्रिक नसते. युनिटी कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये खेळ फोनवर बसविला जाण्याच्या संख्येवर शुल्क आकारण्याची घोषणा केली. ज्यांचे खेळ आधीच त्या इंजिनावर उभे होते त्यांच्यापुढे अचानक नवा खर्च उभा ठाकला. जगभरातून विरोध झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती योजना पूर्णतः मागे घ्यावी लागली. एकदा साधन निवडले की ते बदलण्याचा खर्च इतका असतो की पुरवठादाराच्या हाती सौदाशक्ती जाते. लहान संघाने गोडोचा विचार अवश्य करावा.

चित्रशैलीबाबत वाराणसीला एक मोठा ठेवा उपलब्ध आहे. जेम्स प्रिन्सेप हा अधिकारी १८२० ते १८३० या काळात बनारसच्या टांकसाळीत होता. त्याने शहराची व घाटांची काढलेली चित्रे १८३० च्या दशकात शिळाछापावर प्रसिद्ध झाली. ती आता सर्वांना वापरण्यास मुक्त आहेत. जीर्णोद्धारानंतर केवळ तीन-चार दशकांनी घाट कसा दिसत होता याचा इतका चांगला पुरावा क्वचितच मिळेल. आजची छायाचित्रे त्यासाठी उपयोगी पडणार नाहीत. काशी विश्वनाथ धामाचे लोकार्पण १३ डिसेंबर २०२१ रोजी झाले, जुलै २०२३ मध्ये मणिकर्णिका व हरिश्चंद्र घाटांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली आणि परिसराचे रूप पालटत गेले. शिवाय शोकाकुल कुटुंबांवर कॅमेरा रोखण्यास त्या घाटावर विरोध होतो, आणि तो योग्यच आहे.

पुण्यातील दोन उदाहरणे

आतापर्यंतचे विवेचन कागदी वाटू नये म्हणून प्रत्यक्षात घडलेल्या दोन गोष्टी पाहाव्यात. 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेने केला. डोंबारी खेळ करणारी एक मुलगी हरवलेल्या भावाच्या शोधात निघते, अशी त्याची कथा. चित्रशैलीत पहाडी लघुचित्रे आणि राजस्थानी वास्तुकला यांचा आधार आहे. २०१७ साली इंटरनेटवरून लोकवर्गणी गोळा करण्याचा प्रयत्न फसला. काम चालू ठेवण्यासाठी एका संस्थापकाने आपले घर विकले. पुढे इंजिन कंपनीचे अनुदान व प्रकाशकाचे साहाय्य मिळाले. ऑगस्ट २०२० मध्ये खेळ प्रथम निन्टेंडो स्विच या यंत्रावर आला, ऑक्टोबरमध्ये संगणक व अन्य यंत्रांवर. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळाले. फोनवर तो २०२३ मध्ये, नेटफ्लिक्सच्या खेळसेवेतून पोहोचला.

ही कथा सांगताना बहुतेक वक्ते जिद्दीवर थांबतात. नियोजनाच्या विद्यार्थ्याने दुसरी बाब पाहावी. बँक यंत्रसामग्री तारण घेते, जमीन तारण घेते. अर्धवट खेळ तारण घेत नाही. अशा उद्योगात सुरुवातीच्या भांडवलाची जोखीम शेवटी कुटुंबाच्या मालमत्तेवर येऊन पडते. ज्याच्याकडे विकण्यासारखे घर नाही, त्याचा खेळ तयारच होत नाही. तो कोणाला दिसतही नाही, म्हणून त्याची कोणत्याही आकडेवारीत नोंद होत नाही.

दुसरे उदाहरण पुण्याच्याच सुपरगेमिंग कंपनीचे. 'इंडस' हा अनेकांनी एकत्र खेळण्याचा लढाईचा खेळ १६ ऑक्टोबर २०२४ रोजी अँड्रॉइड व आयफोनवर आला. त्यापूर्वी दीर्घकाळ मर्यादित चाचण्या झाल्या आणि पूर्वनोंदणीचा आकडा एक कोटीपलीकडे गेला. हा वेगळा नमुना आहे: गुंतवणूकदारांचे भांडवल, मोठा संघ, फुकट प्रवेश आणि खेळातील वस्तूंच्या विक्रीवर उत्पन्न. मणिकर्णिकेचा खेळ या वाटेने जाऊ शकणार नाही.

हिशेब

आता अंदाजपत्रक. पुढील आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. नमुन्यानंतर सहा जणांचा संघ अठरा महिने काम करील: दोन आज्ञावलीकार, दोन चित्रकार, एक आराखडाकार, एक ध्वनी व चाचणी पाहणारा. खर्च ६४ लाख ८० हजार. नमुन्याचे ३ लाख ६० हजार मिळवून ६८ लाख ४० हजार. त्यावर अनपेक्षित बाबींसाठी २० टक्के राखीव, म्हणजे १३ लाख ६८ हजार. एकूण ८२ लाख ८ हजार रुपये. काम सहा महिने लांबले तर वाढीव खर्च २१ लाख ६० हजार होईल आणि राखीव निधी अपुरा पडेल. म्हणून विलंब झाला की पैसा मागण्याऐवजी आशय कमी करावा; बारा टप्प्यांऐवजी आठ टप्पे करावेत. कोणते चार टप्पे वगळता येतील हे पहिल्या दिवशीच ठरवून ठेवले तर शेवटी वाद होत नाहीत.

उत्पन्नाचे मार्ग तीन: जाहिरात, खेळातील वस्तूंची विक्री आणि सरळ किंमत. जाहिरातीचा मार्ग सर्वात सोपा आहे, परंतु येथे तो निषिद्ध मानावा लागेल. घाटाच्या दृश्यानंतर विवाहस्थळाची वा साबणाची जाहिरात पडद्यावर येणार असेल, तर आधी लिहिलेली सारी पथ्ये व्यर्थ आहेत. आणि कोणती जाहिरात यावी हे निर्मात्याच्या हाती पुरतेपणी नसते. राहिली सरळ किंमत. पहिले दोन टप्पे विनामूल्य, पुढचा खेळ ९९ रुपयांना. त्यातून १८ टक्के वस्तू व सेवा कर वजा जाता सुमारे ८३ रुपये ९० पैसे उरतात. ॲप दुकानांचे लहान निर्मात्यांसाठीचे कमिशन १५ टक्के धरले तर हाती सुमारे ७१ रुपये ३० पैसे येतात. सर्व खर्च भरून निघण्यासाठी सुमारे १ लाख १५ हजार खरेदीदार लागतील. विनामूल्य खेळणाऱ्यांपैकी दोन टक्क्यांनी खरेदी केली असे समजले, तर साडेसत्तावन लाख लोकांनी खेळ उतरवून घ्यावा लागेल.

हा आकडा लहान संघाला भोवळ आणणारा आहे. जाहिरात नाकारण्याची किंमत ती हीच. येथून दोन वाटा निघतात. एक म्हणजे संघ व आशय दोन्ही निम्म्यावर आणणे. दुसरी म्हणजे या खेळाला गुणवस्तू मानणे. संग्रहालये, विद्यापीठे, पर्यटन विभाग यांनी इतिहास शिक्षणाचे साधन म्हणून आगाऊ खरेदी केली तर मागणीचा काही भाग निश्चित होतो. केंद्राने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात ॲनिमेशन, दृश्य परिणाम, गेमिंग व कॉमिक्स क्षेत्रासाठी कृती दल घोषित केले. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईतील राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रास मंत्रिमंडळाने मान्यता दिली व त्यातून भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था आकारास आली. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये या क्षेत्राचे २०५० पर्यंतचे धोरण ३,२६८ कोटी रुपयांच्या आराखड्यासह मंजूर केले. प्रशिक्षण व पायाभूत सोयी यांत येतात, हे स्वागतार्ह आहे. परंतु लहान निर्मात्याची निकड आगाऊ मागणीची असते, इमारतीची नव्हे.

भाषा, चाचणी, कायदा

खेळ मराठी, हिंदी व इंग्रजीत असावा असे ठरवणे सोपे आहे. प्रत्यक्षात पहिला अडथळा शीर्षकातच येतो. 'मणिकर्णिका' या शब्दात दोन ऱ्हस्व वेलांट्या व एक रफार आहे. अनेक खेळ इंजिनांच्या मूळ अक्षरव्यवस्थेत देवनागरीची जुळणी नीट होत नाही. वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि रफार सुटा पडून पाय मोडलेला र दिसतो. त्यासाठी वेगळी जोडणी करावी लागते व तिचे दिवस वेळापत्रकात धरावे लागतात. भाषांतर शेवटच्या आठवड्यात उरकण्याची प्रथा येथे महागात पडते. संवादांसाठी काशीतीलच आवाज घ्यावेत. नावाड्याची बोली स्टुडिओत बसून तयार होत नाही.

चाचणी स्वस्त फोनवर करावी. निर्मात्याच्या टेबलावरील महागड्या फोनवर पाणी सुंदर चमकते; कमी स्मृतीच्या जुन्या फोनवर तोच पूर खेळ बंद पाडतो. त्यानंतर एखाद्या मर्यादित भागात खेळ खुला करून पहिल्या, सातव्या आणि तिसाव्या दिवशी किती जण परततात हे मोजले जाते. पहिल्या दिवशीच बहुतेकजण सोडून जात असतील तर दोष प्रारंभीच्या मांडणीत असतो. महिन्याने जात असतील तर आशय अपुरा असतो.

कायद्याचा भाग परीक्षार्थींनी विशेष लक्षपूर्वक पाहावा. कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या चमारबागवाला प्रकरणापासून १९९६ च्या लक्ष्मणन प्रकरणापर्यंत विकसित केला. ऑनलाइन खेळ प्रोत्साहन व नियमन कायदा, २०२५ याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि त्याने वेगळी रेषा आखली. पैसे लावून पैसे जिंकण्याची अपेक्षा असलेला खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, निषिद्ध. ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळ यांना मात्र मान्यता. ९९ रुपये ही प्रवेशाची किंमत आहे, पणाला लावलेली रक्कम नव्हे. त्यामुळे हा खेळ निषेधाच्या कक्षेत येत नाही. दुसरा कायदा अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३. त्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळण्यास पालकांची पडताळता येणारी संमती लागते आणि मुलांना उद्देशून लक्ष्यित जाहिराती करता येत नाहीत. शाळांत जाऊ पाहणाऱ्या खेळाने नाव, वय, ठिकाण यांपैकी काहीही न मागणे हाच शहाणपणाचा मार्ग. प्रगतीची नोंद फोनमध्येच ठेवावी.

खेळ प्रसिद्ध झाल्यावर अठरा महिन्यांचा संघ विखुरतो. अंदाजपत्रकात येथेच बहुधा चूक सापडते. अँड्रॉइडची प्रणाली दरवर्षी बदलते आणि ठरावीक मुदतीत खेळ नव्या आवृत्तीशी जुळवून घेतला नाही तर गूगलचे ॲप दुकान तो नव्या ग्राहकांना दाखवणे थांबवते. एका आज्ञावलीकाराचे वर्षातील तीन महिने या कामासाठी राखून ठेवले, तर वरील दराने वार्षिक १ लाख ८० हजार रुपये लागतील. पाच वर्षांचे ९ लाख. वर मांडलेल्या ८२ लाखांत हे ९ लाख नाहीत. ते मिळविले की खर्च ९१ लाख ८ हजारांवर जातो आणि खरेदीदारांची आवश्यक संख्या सुमारे १ लाख २८ हजार होते.